फेनवर्थसाहेबाची खोली

मी अमेरिकेला जाऊन आलो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलंय. काहींना दोनदोनदा. शेवटी वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, एकदा बसून काय ते सगळं सांगा, मी लिहून घेतो, म्हणजे लोकांना बाजारात सुखानं चहा पिता येईल. तेव्हा हे मी बोललेलं आणि गुरुजींनी लिहिलेलं. माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीत मी इतकी वर्षं बसलो की मास्तर मला नवीन पोरांची हजेरी घ्यायला सांगायचे.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी घोडेवाला. साताऱ्याच्या वर डोंगरावर आमचं थंड हवेचं गाव. पाहुण्यांना घोड्यावर बसवून फेनवर्थ पॉइंटला न्यायचं आणि तिथं गोष्ट सांगायची, हा आमचा आज्ज्यापासूनचा धंदा. घोडा घोड्याचं काम करतो, तोंडाचं काम माझं.

फेनवर्थसाहेब म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मोठा लॉर्ड. पॉइंटवर त्याचा छातीपर्यंतचा दगडी पुतळा आहे. नाक कधीचंच गेलंय. पुतळ्यासमोर दगडी बाकडं, त्याच्यापुढं कठडा आणि दरी. गोष्ट अशी, की साहेब रोज संध्याकाळी त्या बाकड्यावर बसून मावळतीकडं बघायचा, कारण त्याची एकुलती लेक तिकडं विलायतेत राहिलेली. ती येईल, ती येईल म्हणून वाट बघता बघता साहेबाचे डोळे गेले. ती आली नाही. इथं मी थांबायचो, घोड्याच्या मानेवरून हात फिरवायचो, आणि मुंबईच्या बायका पर्समधून रुमाल काढायच्या. रुमालाच्या शेजारीच पाकीट असतं.

ही गोष्ट बापानं अर्धी सांगितली, अर्धी मी वाढवली. पण घरात ती वेगळी चालायची. माझी संगीता लहान असताना तिला घोड्यावर पुढं घेऊन मी हीच गोष्ट सांगितली, तर पोरगी रात्रभर मुसमुसली. तिची आई माझ्यावर जी उखडली. म्हणाली, गिऱ्हाइकाला काय रडवायचं ते रडवा, माझ्या पोरीला नाही. तिच्यापुरती ती लेक आली म्हणून सांगायची. मग घरातल्या गोष्टीत साहेबाची लेक बोटीनं यायची, तांबड्या घोड्यावरून घाट चढायची, आणि साहेब स्वतःच्या हातानं तिला चहा करून द्यायचा. लॉर्ड माणूस चहा कशाला करील, असं मी विचारलं होतं. बायको म्हणाली, लेक आल्यावर करील.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते पुढं लागणार आहे. पावसाळा सरून सीझन लागायच्या दिवशी आम्ही घोडेवाले पॉइंटला नारळ फोडतो. साहेबाला मात्र नारळ चालत नाही असं आज्जा म्हणायचा. म्हणून त्याच्यापुढं कपभर चहा आणि एक बिस्किट ठेवायचं, पायातलं काढून हात जोडायचे, आणि म्हणायचं, साहेब, गिऱ्हाईक धाडा. साहेब धाडतो. नाकाशिवायचा असला तरी कामाचा आहे.

हर्नडन

मी गेलो दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात. अमेरिका बघायला चाललोय असं मी गावभर सांगितलं. खरं तर मला संगीताला एकच विचारायचं होतं, परत कधी येणार. फोनवर ते येत नव्हतं. फोनवर मी जेवलीस का विचारायचो, थंडी आहे का विचारायचो, आणि मग घोड्याची तब्येत सांगायचो. घोडा बिचारा धडधाकट, त्याला मी फोनवर किती वेळा पोटदुखी लावली असेल.

पोरगी पुण्याला इंजिनियर झाली आणि नोकरीनं तिकडं गेली. तिची आई गेली तेव्हा हिचे व्हिसाचे कागद कुठल्यातरी टेबलावर पडून होते. निघाली असती तर परत आत घेतलं नसतं. मीच फोनवर म्हणलं, येऊ नकोस, मी आहे इथं. ती आली नाही. मी म्हणलं होतं हे खरं, पण माणूस म्हणतो एक.

विमानाचं काही सांगत नाही. मी पट्टा बांधला तो उतरेपर्यंत सोडला नाही, एवढं पुरे.

हर्नडन व्हर्जिनियात आहे. घरं सारखी, दारं सारखी, गवत सारखं. माणूस दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मी शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावत होतो, आणि आतून एक कुत्रा मला इंग्रजीत समजावत होता. जावई निखिलराव नागपूरचे. सोन्यासारखा माणूस, पण रविवारी रस्सा करतात तेव्हा घरातला धुराचा भोंगा वाजतो आणि आम्ही तिघं पुसणी हलवत त्याच्याखाली उभे राहतो. झाडं मात्र बघावीत. ऑक्टोबरात तिकडं अख्खं झाड लाल होतं, शेंड्यापासून बुडापर्यंत. मला वाटलं रोग पडलाय. संगीता म्हणाली, आबा, लोक हे बघायला लांबून गाड्या घेऊन येतात. म्हणलं, मग इथं एक घोडा ठेवायला पाहिजे.

दोघं सकाळी ऑफिसला गेली की घर माझं. मी भांडी घासायचो, आणि संगीता आली की तीच भांडी मशीनमध्ये परत घासायची. संध्याकाळी मला राहवायचं नाही. आयुष्यभर ज्या वेळेला पॉइंटवर उभा राहिलो, त्या वेळेला पाय आपोआप बाहेर निघायचे. मी फुटपाथच्या कडेवर उकिडवा बसायचो, उगवतीकडं तोंड करून. आपलं गाव तिकडं असा माझा हिशेब.

निखिलरावांनी एक दिवस विचारलं, “आबा, तिकडं काय बघून राहिले?”

म्हणलं, गाव. ते हसले नाहीत. आत जाऊन पृथ्वीचा गोळा घेऊन आले, त्याला सुतळी लावली आणि दाखवलं, की जवळचा रस्ता वरून आहे. बर्फावरून, उत्तरेकडून. तुमचं विमानही तिकडूनच आलं, म्हणाले. मी सुतळी परत परत ओढून बघितली. तिचंच खरं. म्हणजे आम्ही अडाणी तर अडाणी, पण आमचा आज्जा, बाप आणि मी मिळून कित्येक हजार लोकांना लेकीकडची चुकीची दिशा दाखवली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी उत्तरेकडं तोंड करून बसायला लागलो. तिकडं कॉलनीच्या कचऱ्याचे मोठे डबे होते. तिसऱ्या दिवशी पोलिसाची गाडी आली. एक म्हातारा रोज कचऱ्याच्या डब्यांकडं बघत बसतो आणि डोळे पुसतो, असं कुणीतरी कळवलेलं. पोलीस सज्जन होता. त्यानं मला पाण्याची बाटली दिली आणि घरापर्यंत चालत सोडलं. दार संगीतानं उघडलं. पोलिसाशी ती हसून बोलली, दार लावलं, आणि मग हसली नाही. म्हणाली, “आबा, या शनिवारी तुम्हाला एक दाखवायचंय.”

वाटेत

शनिवारी आम्ही तिघं गाडीनं निघालो. आयसेलिन नावाच्या गावी निखिलरावांच्या मित्राकडं मुक्काम, आणि वाटेत पेनसिल्व्हेनियातल्या एका शहरातलं म्युझियम. तिथं काय आहे हे पोरगी सांगेना. मला म्युझियम म्हणजे पेंढा भरलेला वाघ एवढंच ठाऊक.

मी मागं बसून विचार करत होतो की आज विचारायचं. एक पूल आला, म्हणलं पुलानंतर विचारू. मग बोगदा आला. मग निखिलराव कॉफीला थांबले आणि मला बादलीएवढा कप दिला. ती कॉफी पिऊन माझं सगळं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडं लागलं, आणि तशी सोय थेट म्युझियममध्येच झाली. अमेरिकेतलं एवढं मोठं म्युझियम मी आधी संडास विचारत बघितलं.

खोली

संगीतानं मला हाताला धरून दालनांतून नेलं, एका दारापाशी उभं केलं आणि म्हणाली, आत बघा.

आत एक अख्खी खोली होती. भिंतींना काळंभोर लाकूड, शेकोटी, टेबल, खुर्ची, आणि शेकोटीवर एका माणसाचं माणसाएवढं चित्र. दाराला आडवी जाड दोरी. मी चित्राकडं बघितलं. कपाळ तेच. गालावरचे कल्ले तसेच. छातीवरचा पट्टा, ज्याच्यावर आमच्याकडं कावळे बसतात, तोच. फक्त नाक होतं. जन्मात पहिल्यांदा साहेबाचं नाक बघितलं मी. आणि काय नाक होतं, दगडाला त्याचं वजन पेलवलं नसणारच.

“फेनवर्थसाहेब,” मी म्हणलं.

संगीता म्हणाली, गावची आठवण आली की ती कॉम्प्युटरवर पॉइंटचं नाव टाकून फोटो बघत बसते. असंच एकदा बघताना ही खोली निघाली. साहेबाच्या घराण्याचं पुढं दिवाळं वाजलं, वाडा विकला, आणि इथल्या एका श्रीमंतानं ही खोली फळी फळी सुटी करून बोटीनं आणली. मी ऐकत होतो, पण माझं अडकलं होतं एका गोष्टीवर. ही पोरगी फोटो बघत बसते. मला कधी बोलली नाही.

निखिलराव गाडीच्या पार्किंगचं बघायला खाली गेले, आणि संगीता भिंतीवरची पाटी वाचायला दोन पावलं सरकली. तेवढ्यात माझ्याकडून जे झालं, ते मी ठरवून केलं नाही. दिवस ऑक्टोबराचे, आमच्याकडं सीझन लागायचे. समोर साहेब. खिशात बिस्किटाचा पुडा, कारण अमेरिकेत भूक कुठं लागेल सांगता येत नाही. मी बूट काढले, दोरीखालून आत गेलो, साहेबाच्या टेबलावर एक बिस्किट ठेवलं, हात जोडले आणि म्हणलं, साहेब, चहाचं नंतर बघू.

त्यासरशी छतातून असा काही आवाज सुरू झाला, की मला वाटलं साहेबच ओरडला.

रखवालदार धावत आला. आमच्या घोड्याहून उंच गडी. पण मला हात लावला नाही, नुसती दोरी वर धरून उभा राहिला, जसं काही मी वरमाईच. संगीता तोंडावर हात घेऊन उभी. मला वाटलं लाजेनं रडतीये. जवळ गेलो तर हसत होती, खांदे हलवून, लहानपणी हसायची तशी. किती वर्षांनी बघितलं ते हसणं. त्यासाठी मी आणखी दोन बिस्किटं ठेवायला तयार होतो.

मग कापसासारख्या केसांची एक आजी आली, गळ्यात बिल्ला. लोकांना खोल्यांची माहिती सांगणं हे तिचं काम. म्हणजे घोड्याशिवायचा घोडेवालाच. रखवालदारानं बिस्किट रुमालात उचललं होतं ते तिला दाखवलं. तिनं विचारलं हे काय, आणि संगीतानं सांगितलं. पॉइंट, पुतळा, चहा-बिस्किट, सगळं. आजीनं खुर्ची मागवली. स्वतःला नाही, मला.

मग तिनं साहेबाचं खरंखुरं चरित्र सांगितलं, आणि संगीता मला मराठीत करून देत होती. साहेब म्हणजे जुन्या घराण्यातला, राणीचा मंत्री. कष्टकऱ्यांना मत द्यायला त्याचा विरोध होता, म्हणून लोकांनी त्याच्या बग्गीवर सडके बटाटे मारले. भर सभेत झोपायचा, म्हणून पेपरवाले त्याला घुबडाच्या रूपात काढायचे. मेल्यावर त्याच पेपरवाल्यांनी तो कसा थोर होता हे लिहिलं. मधे काही काळ तो आपल्या मुलखावर लाटसाहेब, म्हणजे गव्हर्नर होता. आमच्या डोंगरावर तो एकदाच आला, आठवडाभर, आणि आल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडलं. बंगल्याबाहेर पडलाच नाही.

मी संगीताला म्हणलं, परत विचार. तिनं परत विचारलं. पडलाच नाही. ज्या पॉइंटवर आमच्या तीन पिढ्या जेवल्या, तो पॉइंट साहेबानं बघितलाच नव्हता. मी चित्राकडं बघितलं. साहेबानं नजर चुकवली.

खोलीला एक उंच खिडकी होती. म्हणलं, निदान विलायतेत तरी साहेब खिडकीतून काय बघायचा ते बघू. दोरीवरून वाकून बघितलं. काचेमागं भिंत होती आणि भिंतीवर दिवा. दिव्याला पिवळा कागद लावलेला, संध्याकाळ वाटावी म्हणून. जग कुठलंही असो, गिऱ्हाइकाला संध्याकाळ लागते.

आजी आता संगीताला काहीतरी विचारत होती. संगीता घुटमळली, मग माझ्याकडं वळली.

“आबा, त्या म्हणतायत, साहेबाला एक मुलगी होती हे खरंय. तो भारतात गेला तेव्हा ती विलायतेतच आत्याकडं राहिली. पुढं तिचं काय झालं, ती वडिलांकडं कधी गेली का, हे इथं कुणालाच माहीत नाही. तुमच्याकडं काय सांगतात, असं विचारतायत.”

आता आली का पंचाईत. जन्मभर थापा मारल्या, आणि बिल्लेवाली शिकलेली बाई मला साक्षीदार म्हणून विचारत होती. मी म्हणलं, तिला सांग, ते गिऱ्हाइकावर असतं.

संगीतानं ते सांगितलंच नाही. म्हणाली, “गिऱ्हाइकाला तुम्ही आली नाही म्हणून सांगायचात. मला आली म्हणून सांगायचात. तांबड्या घोड्यावरून.”

“तुझ्या आईचा हुकूम होता.”

“मग खरं कुठलं?”

मला गंमत करायची होती. तोंडात आलीही होती. पण आली ती वेगळंच घेऊन आली.

“ते मला काय ठाऊक,” मी म्हणलं. “ते लेकीलाच ठाऊक.”

संगीता आजीकडं वळली आणि इंग्रजीत बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मी एवढं थोडं बोललो होतो आणि तिचं एवढं लांब झालं. त्यात मला फक्त मदर हा शब्द कळला. आजीनं तिचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिली. रखवालदार चित्राकडं बघत उभा होता, आणि मी माझे बूट शोधत होतो.

निघताना आजीनं ते बिस्किट मला परत दिलं नाही. स्वतःच्या खिशात ठेवलं.

आयसेलिन

संध्याकाळी आयसेलिनला पोचलो. तिथं ओक ट्री नावाच्या रस्त्यावर दुतर्फा आपली दुकानं. साड्या, दागिने, मिठाई, मिरच्या, अगरबत्ती. दुकानदार गुजरातीत बोलले, मी मराठीत बोललो, आणि दोघांना हिंदी येतं हे नंतर आठवलं. एका ठिकाणी नारळ रचलेले दिसले तर मी उगाच एक उचलून कानापाशी हलवला. पाणी होतं. इतक्या लांब येऊनही पाणी होतं. गाव सगळं जवळ असल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच जास्त लांब वाटलं. हर्नडनमध्ये निदान आपण गावात आहोत असं फसवायला काही नव्हतं.

निखिलराव मित्राशी फोनवर बोलत बाहेर उभे राहिले, आणि आम्ही दोघं चाटच्या दुकानात बसलो. मी शेवपुरी खाताना शर्टावर चटणी सांडली. संगीतानं ती पुसली आणि पुसता पुसताच बोलली, माझ्याकडं न बघता.

“आबा, मी कायमची नाही येणार. तुम्ही ते विचारायला आलाय, मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. रोज विचारायला तोंड उघडता आणि घोड्याचं सांगता.”

“घोडा बराय आता,” मी म्हणलं.

“ग्रीन कार्ड होईल पुढच्या वर्षी. मग कुणी अडवणार नाही. दरवर्षी येईन. आईच्या वेळेसारखं होऊ देणार नाही.” मग म्हणाली, “तुम्ही इथंच राहा ना.”

मी काचेतून बाहेर बघितलं. म्हणलं, पोरी, इथं कचऱ्याच्या डब्याकडं बघितलं तरी पोलीस येतो. माझं कसं निभणार. ती हसली, आणि मग रुमाल काढला. पन्नास वर्षं मी बायकांना रुमाल काढायला लावले, पण आपल्या लेकीचा रुमाल बघवत नाही.

पाणीपुरी आली. पाणी गोड होतं. आम्ही दोघांनी ती तिखट लागल्यासारखी नाकं ओढत खाल्ली.

परत

सीझन अर्धा गेल्यावर मी घरी आलो. घोड्यानं मला ओळखलं नाही, मग गूळ दिल्यावर ओळखलं. पॉइंटला गेलो, साहेबापुढं चहा-बिस्किट ठेवलं. ह्या वेळेला चहात थोडा ओवा घातला, पोटाला बरा म्हणून.

आता गोष्टीचा शेवट तिसराच झालाय. लोक विचारतात, मग आली का हो मुलगी. मी सांगतो, यायची, जायची. आली की साहेब चहा करायचा. ह्याच्यावर कुणी रुमाल काढत नाही, आणि पाकीट तर त्याहून नाही. बाकीचे घोडेवाले म्हणतात, अमेरिकेला जाऊन ह्यानं धंदा बुडवला.

धंदा तसा आधीच हसण्यावारी गेलाय, कारण दुसरंच आहे. संध्याकाळी सगळे पाहुणे कठड्याला ओळीनं उभे राहतात, खाली दरी, समोर सूर्य. आणि मी साहेबाच्या बाकड्यावर वळून बसतो, दरी डाव्या हाताला, तोंड उत्तरेकडं. माझ्यासमोर घोड्यांची दावण, कणसं भाजणारीची शेगडी आणि नगरपालिकेचं शौचालय. पाहुणे विचारतात, मामा, सूर्य इकडं बुडतोय, तुम्ही तिकडं काय बघताय.

मी म्हणतो, बघा तुम्ही तिकडं, चांगलंय. पण जवळचा रस्ता हा आहे.